मे महिना, मालवण आणि मुलांचे शिबिर

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा ठोकताळा. त्यामागचे शास्त्र अवघड नाही. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा साधारण पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते. पाऊण तास हा त्याच्या जवळचा, तोंडी हिशोबाला सोपा आकडा.

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर दहा-अकरा वर्षांच्या मुलाला एक पंचांग, एक घड्याळ आणि चार काठ्या दिल्या, तर तो हा नियम स्वतः पारखून पाहू शकतो. पाणी जिथवर चढले तिथे काठी रोवायची, वेळ टिपायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात येते की हिशोब बऱ्यापैकी जुळतो, पण तंतोतंत नाही. मुंबईच्या भरतीच्या वेळा शेजारी मांडल्या तर आणखी एक गोष्ट दिसते : मालवणात भरती मुंबईच्या आधी येते. का? पश्चिम किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, म्हणून. हे उत्तर कुणी आधीच सांगून टाकले तर ते एक वाक्य म्हणून कानावरून जाते. तीन दिवस काठ्या रोवलेल्या मुलाला मात्र ते उत्तर हवे असते, कारण प्रश्न त्याचा असतो.

मुंबई-पुण्याच्या पालकांना शिबिर निवडण्याबद्दल मला जे सांगायचे आहे ते या तीन दिवसांत आहे. मार्च-एप्रिलमध्ये हाती येणाऱ्या पत्रकांवर उपक्रमांची लांबलचक यादी असते : रोबोटिक्स, वैदिक गणित, मातीकाम, घोडेस्वारी, वक्तृत्व, पाककला, ट्रेकिंग, सगळे सहा दिवसांत. यादी जितकी लांब तितके पैसे वसूल, असे वाटणे साहजिक आहे. पण सहा दिवसांत अठरा गोष्टी म्हणजे प्रत्येक गोष्टीला अर्धी सकाळ. त्यात साहित्य वाटणे, रांगा लावणे, फोटो काढणे यांचा वेळ वजा करा. मुलाच्या हातात राहतो तो अर्धा तास. एवढ्या वेळात कुठल्याही गोष्टीत चूक करता येत नाही, ती सुधारता येत नाही, कंटाळाही येऊ शकत नाही. आणि या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय मूल काही शिकत नाही. म्हणून पत्रकावर काय काय आहे यापेक्षा, एकेका गोष्टीला किती वेळ दिला आहे ते आधी पाहावे.

मे महिन्यात मुलांना गावाला पाठवायची आपली रीत या बाबतीत फार शहाणी होती. चाकरमान्यांची मुले गावी येत आणि महिनाभर राहत. त्यांना कुणी शिकवत नसे, पण वेळ भरपूर असे. आंबे उतरवताना झेला कसा धरायचा, करवंदाच्या जाळीत हात कुठून घालायचा, विहिरीत पहिल्यांदा उतरताना कुणाचा हात धरायचा, हे सगळे मोठ्यांच्या कामात लुडबुड करता करता येत असे. आता अनेक घरांत गावी कुणी उरलेले नाही, आई-वडील दोघेही नोकरी करतात, आणि मे महिन्यात मूल फ्लॅटमध्ये एकटे. शिबिराची गरज खरी आहे, तिला नाक मुरडण्यात अर्थ नाही.

शिबिर ही कल्पनाही काही कालची नाही. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या फ्रेडरिक गन या शिक्षकाने १८६१ मध्ये आपल्या शाळेतल्या मुलांना चालवत नेऊन समुद्रकाठी मुक्काम केला. तिथपासून उन्हाळी छावण्यांचा इतिहास मोजतात. बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर मोजक्या मुलांची छावणी घेतली आणि त्यातून स्काउट चळवळ उभी राहिली. महाराष्ट्रात १९४१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाने शिबिराला श्रमदान, गाणी आणि एका पंगतीत जेवण यांची जोड दिली. मालवणचे बॅ. नाथ पै सेवांगण त्याच विचारांच्या माणसांनी उभे केले. कणकवलीजवळ अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ मध्ये गोपुरी आश्रम स्थापन केला, तो तर सफाई आणि शरीरश्रम हेच शिक्षण मानणाऱ्या माणसाचा आश्रम. १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी मुंबईत बालरंगभूमी सुरू केली. त्यानंतर मुलांची नाटके आणि सुटीतली नाट्यशिबिरे मराठी घरांच्या ओळखीची झाली. या सगळ्यांत एक धागा समान होता. मूल तिथे काहीतरी करायला जात असे आणि ते काम खरे असे : खड्डा खणायचा तर तो वापरात येणार, नाटक बसवायचे तर ते लोकांसमोर होणार.

शिबिरात मुलांच्या मनात काय चालते याचा एक गाजलेला प्रयोग १९५४ च्या उन्हाळ्यात झाला. ओक्लाहोमा राज्यातल्या रॉबर्स केव्ह या वनउद्यानात मुझफ्फर शेरिफ या मानसशास्त्रज्ञाने अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे शिबिर भरवले. मुले एकमेकांना अनोळखी, सगळी साध्या, स्थिर घरांतली. त्यांचे दोन गट केले आणि गटांमध्ये बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत शिवीगाळ, झेंडे जाळणे, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी इथवर प्रकरण गेले. मग शेरिफच्या चमूने गटांना एकत्र जेवायला बसवून पाहिले, सिनेमा दाखवून पाहिला, भांडणे वाढलीच. ती निवळली ती दोन्ही गटांना एकत्र केल्याशिवाय होणार नाहीत अशी कामे समोर आल्यावर. पिण्याचे पाणी बंद पडले, ते दोघांनी मिळून शोधायचे. जेवण आणणारा ट्रक सुरू होईना, तो ओढायचा. तो ओढायला मुलांनी वापरलेला दोर तोच होता, ज्याने काही दिवसांपूर्वी त्यांनी एकमेकांविरुद्ध रस्सीखेच खेळली होती. मुलांना न सांगता त्यांच्यावर असे प्रयोग करणे आज कुणी योग्य मानणार नाही, पण त्यातून दिसले ते शिबिर निवडणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे.

सतत गट पाडून गुण देणारे, रोज संध्याकाळी ‘आजचा विजेता’ जाहीर करणारे शिबिर मुलांना उत्साही दिसते. पण त्यात अबोल मूल पहिल्या दिवशीच मागे सरते आणि उरलेले दिवस तसेच काढते. मालवण किनाऱ्यावर दोर ओढण्याचे दुसरे उदाहरण हाकेच्या अंतरावर आहे : रापण. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळ करत जाळे टाकतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून दोन रांगा ओढत आणतात. एक रांग पुढे गेली आणि दुसरी मागे राहिली तर जाळे वाकडे होते, मासळी निसटते. म्हातारे, तरुण, बायका, पोरे जो हात लावेल तो रांगेत. मासळीचे वाटे पडतात आणि ओढायला आलेल्यालाही त्यातले थोडे मिळते. शहरातल्या मुलाने एक सकाळ या दोराला हात लावला तर ‘टीमवर्क’ या विषयावर वेगळे व्याख्यान लागत नाही. आणि मासळी कमी आली तर मुले विचारतातच, का कमी? मग पारंपरिक रापणकर आणि पर्ससीन जाळ्यांच्या बोटी यांचा वाद, फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर घातलेले निर्बंध, पावसाळ्याआधी १ जूनपासून सुरू होणारी दोन महिन्यांची मासेमारीबंदी, हे सगळे त्या वाळूवर उभे राहून रापणकरांच्याच तोंडून ऐकता येते. अट एवढीच, की शिबिराने रापणकरांशी आधी बोलून ठेवलेले असावे आणि मुले फोटोपुरती नव्हे, जाळे किनाऱ्याला लागेपर्यंत थांबणार असावीत.

सिंधुदुर्गात असे शिक्षक जागोजागी आहेत. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम सुरू केले. चारही बाजूंनी खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. मार्गदर्शक हा चमत्कार म्हणून सांगतात आणि पुढे चालू लागतात. चांगले शिबिर तिथे तासभर थांबते. पावसाचे पाणी बेटाच्या खडकात मुरते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर थर धरून राहते. उपसा बेताचा असला तर थर टिकतो, जास्त उपसले की खालचे खारे पाणी वर येते. दोन पारदर्शक पेले, थोडे मीठ आणि रंग एवढ्यावर हे मुलांना हाताने करून पाहता येते. वेंगुर्ला तालुक्यातल्या शिरोड्याला मिठागरे आहेत. वाफ्यात आणलेले समुद्राचे पाणी उन्हाने आटून मीठ कसे धरते ते पाहायला उन्हाळ्यासारखा काळ नाही, आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहातले शिरोडे हे कोकणातले मोठे केंद्र, त्यामुळे भूगोलाला इतिहास आपोआप जोडला जातो.

मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर जांभ्या खडकात कोरलेली प्राचीन चित्रे आहेत. कोकणातल्या अशा कातळशिल्पांची नऊ ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यात सिंधुदुर्गातले कुडोपी आहे. पावसाळ्यात सड्यावर गवत माजते, उन्हाळ्यात शिल्पे मोकळी दिसतात. मात्र दुपारी नव्हे, सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात न्यावे; तिरप्या उजेडात कोरीव रेषा उठून दिसतात आणि सडा तापलेलाही नसतो. वहीत ती चित्रे काढायला मुलांना बसवले तर कोरणाऱ्याचा हात कुठे वळला असेल हे त्यांच्या लक्षात येऊ लागते. कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे. परशुराम गंगावणे यांना त्या कामासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कुटुंबाने गोठ्याच्या जागेत ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभे केले आहे. तिथे अर्ध्या तासाचा खेळ पाहून परतणे आणि दोन दिवस बसून स्वतःची एक बाहुली उभी करणे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

देवगड तालुक्यातल्या विजयदुर्गाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण शिबिर चालवणाऱ्यांची पारख तिथे चांगली होते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली या भागावरून गेली. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ नावाचे चौथरे दाखवतात आणि लॉकियर साहेबाने इथूनच हेलियमचा शोध लावला असे सांगतात. दरवर्षी १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. प्रत्यक्षात त्या दिवशी नॉर्मन लॉकियर भारतात नव्हताच. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन याने ते ग्रहण गुंटूरहून पाहिले, आणि लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या वर्णपटाचा अभ्यास केला. त्यातली पिवळी रेषा कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना, आणि त्यातून हेलियम हे नाव पुढे आले. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ साल उजाडले. ते विल्यम रॅम्से याने मिळवले. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना ओटे दाखवावेत, प्रचलित गोष्ट सांगावी, मग तारखा आणि ठिकाणे हाती देऊन ‘तुम्हीच जुळवून पाहा’ म्हणावे. किल्ल्याचे महत्त्व त्याने तसूभरही कमी होत नाही. ऐकलेल्या गोष्टीची शहानिशा कशी करायची, हे मात्र मुलांच्या अंगात मुरते. फोनवर चौकशी करताना शिबिरवाल्यांना विजयदुर्गाबद्दल विचारून पाहा; उत्तरावरून त्यांची तयारी कळेल.

ऋतूबद्दलही असेच विचारावे. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात आणि पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. वेंगुर्ल्याजवळचे वायंगणी किंवा देवगडचे तांबळडेग इथे कासवांचे संवर्धन होते, पण मे महिन्याच्या मध्यात पिल्ले पाण्यात जाताना पाहायला मिळतील असे कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याला किनारा माहीत नाही किंवा तो खरे सांगत नाही. मे महिन्याची स्वतःची श्रीमंती आहे : आंबा, करवंद, जांभूळ, शेवटच्या काजूबिया, ओहोटीला उघडे पडणारे खडक आणि त्यातल्या डबक्यांतले खेकडे, समुद्रकाकड्या, शंखातले जीव. खाडीकाठी तिवर, चिपी, कांदळ यांची ओळख करून द्यायला हा चांगला काळ. चिखलातून वर आलेली त्यांची श्वसनमुळे बघितल्यावर झाड श्वास कुठून घेते हा प्रश्न मुलेच काढतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ या बचतगटाच्या महिला कांदळवनाची सफर घडवतात. वर्षानुवर्षे त्याच खाडीत वावरलेल्या बायकांकडून ते समजून घेण्यात वेगळी गोडी आहे. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्यामुळे शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे पिशवीत भरून नेऊ देणारे शिबिर टाळावे. चित्र काढून न्यावे, जीव नाही.

फोनचे काय, हा प्रश्न हल्ली प्रत्येक पालक विचारतो. कॅलिफोर्नियात यल्दा उल्स यांच्या गटाने २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सहावीतल्या पन्नासेक मुलांनी पाच दिवस निसर्गशिबिरात पडद्याविना काढले. तेवढीच मुले नेहमीच्या दिनक्रमात राहिली. शिबिरातली मुले परतल्यावर चेहऱ्यावरचे भाव ओळखण्यात दुसऱ्या गटापेक्षा जास्त सुधारलेली दिसली. अभ्यास लहान आहे, त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण पाच दिवस फोन नसला तर मुलाचे काही बिघडत नाही, एवढा धीर त्यातून घ्यायला हरकत नाही. आई-वडिलांशी बोलायला रोजची एक ठरलेली वेळ असावी आणि मुलाला खरोखर गरज पडली तर ती वेळ मोडता यावी.

आता सुरक्षिततेकडे येऊ. इथे मी कुठलीही सवलत देणार नाही. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले ८ जण बुडाले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबासाठी गेलेल्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. समुद्र तोच असतो, रोज शेकडो लोक त्यात उतरून सुखरूप परत येतात. अपघात होतो तो वेळ, जागा आणि प्रमाण चुकल्यावर. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत परतते. त्या पट्ट्यात लाटा फुटताना दिसत नाहीत, पाणी शांत वाटते, आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीच्या वेळी अशा मुखाशी खाडीचे पाणी आणि समुद्राचे पाणी दोन्ही आत ओढतात. या ओढीत सापडल्यावर किनाऱ्याकडे पोहून दमण्यापेक्षा किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचे असते. हे मुलांना पहिल्याच दिवशी, पाण्यात उतरण्याआधी, वाळूवर रेघ मारून समजावले पाहिजे. आणि ज्या शिबिराच्या वेळापत्रकात भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेल्या नाहीत, त्या शिबिरात मुलाला पाण्याजवळ पाठवू नये. ‘सकाळी दहा ते बारा समुद्रस्नान’ असे सहाही दिवस एकाच वेळी लिहिले असेल तर ते वेळापत्रक समुद्र न पाहता बनवलेले आहे.

बोट आणि जलक्रीडा यांना महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना लागतो. तो पाहायला मागावा. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचे हवे. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाच्या अंगावरून पाण्यात वर निसटते. स्कूबाबद्दल पाडी या आंतरराष्ट्रीय संस्थेचे नियम साधे आहेत : आठ वर्षांवरच्या मुलाला फक्त दोन मीटर खोलीपर्यंतचा ओळखीचा अनुभव, आणि त्यापुढचे काही हवे तर वय किमान दहा. सहा वर्षांच्या मुलालाही खाली नेतो म्हणणाऱ्याचे ऐकू नये. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात समुद्र खवळू लागतो आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी वाहतूक व जलक्रीडा पावसाळ्यासाठी बंद होतात, म्हणून २० मेनंतरच्या तारखा किनाऱ्यावरच्या शिबिरासाठी घेऊच नयेत.

किनाऱ्यावर आणखीही धोके आहेत. उथळ पाण्यात वाळूखाली पाखट पडून असते, म्हणून पाय उचलून नव्हे तर घासत चालावे हे कोळ्याची पोरे जाणतात, शहरी मुलांना सांगावे लागते. जांभ्याच्या सड्यावर, दगडी गडग्यांच्या फटींत फुरसे असते. रात्री बॅटरी आणि पायांत बूट हा नियम न मोडणारा हवा. फुरसे चावले तर गावठी इलाजात वेळ न घालवता प्रतिविष असलेल्या रुग्णालयात नेणे एवढाच उपाय आहे. ते रुग्णालय कुठले, वाहन रात्री जागेवर असते का, हे शिबिरवाल्यांनी न अडखळता सांगता आले पाहिजे. मुलाला कोळंबी, खेकडा, तिसऱ्या यांची ॲलर्जी असेल तर लेखी कळवावे. मालवणच्या स्वयंपाकघरात या गोष्टी एकाच तव्या-कढईतून फिरतात.

माणसांची चौकशी सगळ्यात महत्त्वाची. अमेरिकन कॅम्प असोसिएशनचे प्रमाण असे आहे : मुक्कामी शिबिरात सहा ते आठ वर्षांच्या सहा मुलांमागे एक मोठे माणूस, नऊ ते चौदा वर्षांच्या आठ मुलांमागे एक. आपल्याकडे पन्नास मुलांमागे तीन ताई-दादा असे चित्र दिसले तर तिथून मागे फिरावे, मग शिबिर कितीही नावाजलेले असो. पाण्याजवळ तर हे प्रमाणही अपुरे. मुलामुलींच्या झोपण्याच्या जागा, रात्री कोण सोबत असते, महिला कार्यकर्त्या किती, कार्यकर्त्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का, कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत राहणार नाही असा नियम आहे का, हे विचारायला संकोच करू नये. २०१२ च्या पोक्सो कायद्याची माहिती कार्यकर्त्यांना दिली जाते का, हेही विचारावे. मनापासून काम करणाऱ्या संस्थांना या प्रश्नांचा राग येत नाही. बहुतेकदा त्यांनी उत्तरे आधीच लिहून ठेवलेली असतात.

आठ वर्षांच्या आतल्या मुलाला घरापासून दूर मुक्कामी पाठवण्याची घाई नको. त्याच्यासाठी शहरातलेच दिवसाचे शिबिर बरे. मुंबईत वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र सुटीत मुलांसाठी विज्ञानाचे छंदवर्ग घेते. १८८३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निसर्गशिबिरे भरवते. पुण्यात गरवारे बालभवन लहानांच्या खेळाला केंद्रस्थानी ठेवते. आयुकाने तर शाळकरी मुलांना उन्हाळ्यात आठवडाभर शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करू दिले आहे. हे सगळे कमी प्रतीचे पर्याय नव्हेत. मालवणपर्यंतचा प्रवास, दमट उकाडा आणि अनोळखी अंथरूण सोसायला मूल तयार नसेल तर वरळीत एका आठवड्यात स्वतः जोडलेला विद्युत परिपथ त्याला जास्त देऊन जाईल. पहिले मुक्कामी शिबिर तीन-चार दिवसांचे असावे, जमल्यास ओळखीच्या एखाद्या मुलाबरोबर. जायचे की नाही, हे मुलाला विचारावे आणि त्याने ‘नाही’ म्हटले तर ऐकावे.

तारखा ठरवताना प्रवासाचाही विचार करावा : कोकण रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते आणि मे महिन्याच्या जागा पहिल्या दिवशीच भरतात. त्यामुळे चौकशी फेब्रुवारीच्या सुरुवातीला, निर्णय फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, आणि शिबिर एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मेचा दुसरा आठवडा, असा हिशोब ठेवावा.

एक प्रश्न मात्र पालक क्वचित विचारतात, आणि तो प्रत्येकाने विचारावा अशी माझी कळकळीची विनंती आहे : तुमच्या शिबिरात गावातली किती मुले असतात? देवबाग, वायरी, आचरा, तोंडवळी इथल्या मुलांनाही मे महिन्याची सुटी असते. त्यांच्यातल्या कित्येकांचे घर पाहुण्यांनी भरलेले असते, आणि मुले पाणी भरण्यापासून ताटे मांडण्यापर्यंत कामाला लागलेली असतात. त्यांच्या किनाऱ्यावर, त्यांच्या आजोबांच्या रापणीवर शिबिर भरते आणि त्यात ती नसतात, फक्त मुंबईची मुले असतात. गावच्या मुलांना विज्ञानाची साधने, नाटकाचे शिक्षक, पुस्तके यांची गरज शहरातल्या मुलांपेक्षा जास्त आहे. आणि शहरातल्या मुलांना त्यांची गरज आहे : पाणी कुठे ओढते, कुठला खेकडा कसा धरायचा, मालवणीत त्याला काय म्हणतात, हे समवयस्काकडून जसे शिकता येते तसे ताई-दादांकडून नाही. निम्म्या नाही तरी चौथा हिस्सा जागा गावच्या मुलांसाठी विनामूल्य ठेवणे हे चालकांना अशक्य नाही. त्यासाठी फीमध्ये थोडी वाढ झाली तर ती आनंदाने द्यावी. आणि पाच पालकांनी हा प्रश्न विचारला तर पुढच्या वर्षीच्या पत्रकात त्याचे उत्तर छापलेले असेल.